परसामागची राई मोकळी करताना

राजापूर तालुक्यातील आमच्या घरामागे, विहिरीच्या वरच्या अंगाला, सुमारे ३० गुंठ्यांची उतरती जमीन आहे. सासऱ्यांच्या वेळी सगळे तिला राईच म्हणत. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, चार-पाच रतांबे (कोकमाची झाडे) आणि दोन जुने बकुळ अशी तिथली मोठी झाडे, त्यांच्या सावलीत आंजनी आणि दिंडा, आणि कडेने जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून करवंदांच्या जाळ्या. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गणपतीला येत असू तेव्हा मी या राईतून अनवाणी वरच्या पाणंदीपर्यंत जात असे. २०१८ मध्ये बँकेतून निवृत्त होऊन आम्ही दोघे कायमचे गावी राहायला आलो, तेव्हा त्याच राईत चार पावलेही आत शिरता येत नव्हते. खालच्या निम्म्या भागात घाणेरीची जाळी खांद्याच्या वर गेली होती आणि वरच्या भागात, जिथे मधल्या काळात काही झाडे तुटून ऊन पडू लागले होते, तिथे रानमोडी माजली होती.

मोठी झाडे जागच्या जागी होती, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला राई शाबूत वाटे. मलाही पहिले काही महिने तसेच वाटत होते. एकदा कोयत्याने वाट काढत मी थोरल्या बकुळापर्यंत पोहोचले आणि त्याच्या बुंध्याभोवती फिरून पाहिले, तेव्हा लक्षात आले की तिथे बकुळीचे, रतांब्याचे, आंजनीचे, कशाचेही वीतभर उंचीचे रोप नाही. दरवर्षी फळे पडत होती, बिया रुजतही असतील, पण घाणेरीच्या दाट छताखाली त्या रोपांना उजेड मिळत नव्हता. म्हणजे आज उभी असलेली झाडे पडली की त्यांच्या जागी येणारे कोणीच नव्हते. त्या दिवशी मी फार अस्वस्थ होऊन परतले, आणि हे काम आपल्या हयातीत आपणच करायचे असे ठरवले.

या दोन्ही वनस्पती मूळच्या आपल्याकडच्या नाहीत. घाणेरी, जिला देशावर टणटणी म्हणतात, ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तिच्या रंगीत फुलांसाठी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली, आणि बागेतून निसटून ती देशभर पसरली. तिची पिकून काळी झालेली फळे बुलबुल आवडीने खातात आणि ज्या फांदीवर जाऊन बसतात तिच्याखाली बी टाकतात. आमच्या राईत घाणेरीची सर्वांत दाट जाळी नेमकी जुन्या झाडांच्या फांद्यांखाली का होती, याचे उत्तर यात आहे. रानमोडीही अमेरिकेतलीच, पण तिचा प्रवास वाऱ्यावर होतो. तिच्या बारीक काळ्या बियांना कापसासारखा तुरा असतो आणि एकेका झुडपावरून अशा हजारो बिया उडतात. गुरे या दोहोंना सहसा तोंड लावत नाहीत, आणि चाऱ्याच्या टंचाईत घाणेरीचा पाला खाल्लाच तर जनावराचे यकृत बिघडते व उन्हात त्याची कातडी सोलवटून निघते. रानमोडीचे आणखी एक भय म्हणजे वणवा. एप्रिलमध्ये तिच्या वाळलेल्या काड्या तेल ओतल्यासारख्या पेटतात, आग जमिनीवरून झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढवतात, आणि पावसात तीच रानमोडी जळलेल्या खुंटातून पुन्हा फुटते.

पहिल्या वर्षी मी जे केले ते चुकीचे होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये आम्ही तीन माणसे आणि एक ग्रास कटर लावून पाच दिवसांत संपूर्ण ३० गुंठे जमिनीलगत कापून काढले. राई स्वच्छ दिसू लागली, येणाऱ्याजाणाऱ्यांनी कौतुक केले. शेजारच्या वाडीतील एक वृद्ध शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते गडग्याशी उभे राहून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “वयनी, वर कापून काय होणार? मूळ ऱ्हायलं तर झाड ऱ्हायलंच.” जून लागला, दोन चांगल्या सरी पडल्या आणि घाणेरीच्या प्रत्येक खुंटातून सात-आठ धुमारे वर आले. वरच्या भागात त्याहून वाईट झाले. पलीकडच्या पडीक जमिनीतून उडालेले रानमोडीचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या उघड्या पडलेल्या मातीवर येऊन बसले होते, आणि पहिल्या पावसाबरोबर ते पेरल्यासारखे दाट उगवले. ऑगस्टमध्ये उभे राहून पाहिले तर आदल्या वर्षीपेक्षा रान अधिक घट्ट झालेले होते. शिवाय ग्रास कटरने घाणेरीबरोबर दिंडा, कुडा आणि करवंदाची लहान रोपे, जी कडेकडेने कशीबशी जगली होती, तीही गेली. पैसे गेले याचे मला फारसे वाटले नाही. ती रोपे गेली याचे वाईट आजही वाटते.

त्यानंतर मी घाईने काहीही करायचे नाही असे ठरवून वाचायला बसले. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरी काढण्याची जी पद्धत वापरली, तिची माहिती मला तेव्हा मिळाली, आणि आबांनी एका वाक्यात सांगितलेली गोष्टच तिथे नीट मोजून मांडलेली आहे हे पाहून मला फार आनंद झाला. घाणेरीला पुन्हा धुमारे फुटतात ते तिच्या खोडाच्या बुडाशी, मूळ आणि खोड जिथे जुळतात त्या गाठाळ भागातून. तो भाग काढला की खाली उरलेले सोटमूळ स्वतःहून फुटत नाही. म्हणून संपूर्ण मूळ खणून काढण्याचीही गरज नसते, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर सोटमूळ छाटून वरचे सगळे झुडूप उचलायचे. मूळ खणताना माती उलथते, आणि उलथलेल्या मातीत आधीपासून पडून असलेले घाणेरीचे बी उजेडात येऊन रुजते, हाही तोटा या पद्धतीत टळतो.

प्रत्यक्षात हे काम असे चालते. एकजण लांब दांड्याच्या आकडीने झुडपाच्या फांद्या एका बाजूला ओढून धरतो, त्यामुळे बुंधा दिसतो. दुसरा बुंध्याभोवतीची माती कुदळीच्या टोकाने बोटभर बाजूला करतो आणि दोन-तीन नेमक्या घावांत सोटमूळ तोडतो. मग दोघांनी मिळून झुडूप उचलायचे आणि उलटे करून, मुळाकडची बाजू वर ठेवून, वाळत घालायचे. उलटे करण्यामागे कारण आहे. घाणेरीच्या फांद्यांना ओल्या मातीचा स्पर्श झाला की पेरापेरांतून मुळे फुटतात. जुलै २०१९ मध्ये आम्ही एक ढीग तसाच जमिनीवर टाकला होता, पंधरा दिवसांनी उचलला तेव्हा खालच्या काड्यांनी माती धरलेली होती. तेव्हापासून काढलेली झुडपे आम्ही जांभ्याच्या दगडांवर किंवा गडग्यावर टाकतो. हातात चामड्याचे जाड मोजे आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट यांच्याशिवाय कोणालाही मी कामाला लावत नाही. घाणेरीचे काटे बारीक पण वाकडे असतात, आणि आमच्या जांभ्याच्या कातळात फुरसे असते. दगड हलवण्यापूर्वी काठीने आवाज करायचा, हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही.

यासाठी सर्वांत सोयीचा काळ पावसाळ्याचा. उन्हाळ्यात आमची माती विटेसारखी होते आणि कुदळ उसळून परत येते. जूनचा शेवटचा आठवडा ते ऑगस्ट या काळात माती मऊ असते, लहान रोपे तर नुसत्या हाताने मुळासकट निघतात. धो धो पाऊस लागला की उतारावर उभे राहता येत नाही, म्हणून उघडीप मिळेल तसे दिवस धरावे लागतात.

कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न मला पद्धतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्वाभाविक ओढ असते ती सर्वांत माजलेल्या जागेकडे, कारण तिथे काम केल्याचे दिसते. पण ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ब्रॅडली भगिनींनी १९६०च्या दशकात आपल्या परिसरातील रानात काम करताना नेमका उलटा क्रम धरला होता. जिथे मूळची झाडी अजून चांगली आहे तिथून आरंभ करायचा, तेथील थोडीफार परकी रोपे काढायची, माती शक्य तितकी कमी हलवायची, आणि आतल्या झाडीने मोकळी जागा भरून काढली की मगच पुढे सरकायचे. मी हे वाचले तेव्हा माझ्या पहिल्या वर्षाची चूक मला पुरती कळली. मी सगळी जमीन एकाच वेळी उघडी केली होती, आणि ती भरून काढण्याइतके बळ आमच्या उरल्यासुरल्या राईत नव्हते.

म्हणून जून २०१९ मध्ये थोरल्या बकुळाभोवतीच्या अवघ्या तीन गुंठ्यांपासून आम्ही नव्याने सुरुवात केली. मी, माझे यजमान, आबा आणि गावातील दोन स्त्रिया, असे पाचजण. पहिल्या वर्षी एकूण ४२ मनुष्यदिवस काम झाले आणि त्यात सात गुंठे मोकळे झाले. पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, आम्ही तिथल्या तिथेच राहू दिला. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी, राईतून पातेरा नेण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे, पण निदान या सात गुंठ्यांपुरती ती बंद ठेवावी अशी मी घरी विनंती केली, कारण पातेऱ्याखालची ओल आणि सावली नव्या रोपांना हवी होती.

त्या वर्षी आणखी एक चूक झाली. मदतीला आलेल्या स्त्रियांपैकी एकीने वीस-पंचवीस रोपे उपटून आणली आणि त्यांत निम्मी भारंगीची होती. भारंगी ही आपली रानभाजी, पावसाळ्याच्या तोंडावर तिचा कोवळा पाला आम्ही सगळेच खातो, आणि तरी दाट झाडीत घाईने हात घालताना ती घाणेरीसारखी दिसते, कारण दोन्हींच्या पानांना करवतीसारख्या कडा असतात. त्या बाईंना फार वाईट वाटले. त्यांना दोष देण्यासारखे काहीच नव्हते, ओळख करून द्यायचे काम माझे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन्हींच्या फांद्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांनी हाताळून पाहिल्या. घाणेरीचे पान खरखरीत लागते, चुरगळले की तिचा तो उग्र वास येतो, आणि चौकोनी खोडावर बोट फिरवले की काटे लागतात. भारंगीचे पान त्या मानाने गुळगुळीत. मग मी एका जुन्या पांढऱ्या धोतराच्या चिंध्या केल्या आणि राखायच्या प्रत्येक रोपाला एकेक चिंधी बांधली. तेव्हापासून आमचा शिरस्ता असा आहे की आधी एक फेरी फक्त चिंध्या बांधण्याची, आणि कुदळ उचलायची ती त्यानंतर.

रानमोडीचे वेळापत्रक निराळे आहे. आमच्याकडे ती डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि फेब्रुवारीपासून बी उडू लागते, त्यामुळे काहीही झाले तरी नोव्हेंबर संपण्याच्या आत ती काढलेली असली पाहिजे. तिची मुळे वरच्यावर पसरतात, म्हणून पावसात वर्षा-दोन वर्षांची झुडपे बुंध्याशी धरून ओढली तर अख्खी निघतात. जुन्या खुंटांना मात्र कुदळ लागते. एकदा काढून भागत नाही. ऑगस्टमध्ये एक फेरी, ऑक्टोबरमध्ये राहून गेलेल्यांसाठी दुसरी, आणि पुढची काही वर्षे याच क्रमाने, कारण शेजारून बी येतच राहते.

तणनाशकाचा विचार मी केला नाही असे नाही. दोन परिचितांनी तो आग्रहाने सुचवला होता, आणि मोठ्या क्षेत्रावर काम करणाऱ्यांचे हिशेब वेगळे असू शकतात. पण आमची विहीर याच उताराच्या पायथ्याशी आहे, पावसाळ्यात राईतले पाणी झिरपून तिच्यात उतरते, आणि तेच पाणी आम्ही पितो. त्यामुळे तो मार्ग आम्ही धरला नाही.

याहून अधिक विचार मला करावा लागला तो पाखरांचा. घाणेरी काढू नका, फुलपाखरे तिच्यावर येतात, बुलबुल तिच्यात घरटी करतात, असे म्हणणारे लोक खोटे बोलत नाहीत. जुलै २०१९ मध्ये आकडीने फांदी ओढताना आम्हाला बुलबुलाचे घरटे दिसले, आत तीन पिल्ले. ते झुडूप आणि त्याच्या भोवतीचा दहा-बारा पावलांचा पट्टा आम्ही तसाच सोडला आणि पिल्ले उडून गेल्यावरच तिथे परतलो. जिथे दुसरा आसरा उरलेलाच नाही तिथे सशाला, मुंगसाला आणि पाखरांना घाणेरीचाच आधार असतो, म्हणून तो एका दिवसात काढून घेणे मला निष्ठुरपणाचे वाटते. फुलपाखरांचे उत्तर दोन वर्षांनी आमच्याच राईने दिले. मोकळ्या झालेल्या जागेत दिंडा वर आला, पावसाळ्यात तो फुलला, आणि त्याच्या बारीक फुलांच्या झुबक्यांवर घाणेरीवर कधी पाहिली नव्हती इतकी फुलपाखरे बसू लागली.

काढलेल्या घाणेरीचे करायचे काय, हा प्रश्न तितका अवघड निघाला नाही. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरांतील सोलिगा कारागीर तिच्या काठ्यांपासून खुर्च्या आणि टोपल्या बनवतात. आमच्याकडे ते कसब नाही, पण पूर्ण वाळलेल्या सरळ काठ्या पडवळ-काकडीच्या मांडवाला चांगल्या लागतात आणि बाकीचे न्हाणीघराच्या चुलीत जाते. पिकली फळे असलेल्या फांद्या मात्र वेगळ्या काढून जाळाव्यात.

तिसऱ्या वर्षी वादळाने आमचा हिशेब मोडला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात वरच्या भागातील मोठे जांभूळ मुळासकट कोसळले, आणि पडताना त्याने किंजळीची एक बाजू मोडली. तिथे जवळजवळ दीड गुंठ्यावर आभाळ उघडे पडले. मी दोन दिवस तिकडे गेलेच नाही. जुलैमध्ये गेले तेव्हा बरोबर तेवढ्याच जागेत, जणू कोणी आखून दिल्यासारखी, रानमोडीची कोवळी रोपे उभी होती, आणि दहा पावलांवर, जिथे सावली शाबूत होती, तिथे एकही नव्हते. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही उन्हाच्या वनस्पती आहेत हे मी वाचले होते, पण ते इतक्या स्पष्टपणे डोळ्यांसमोर तोपर्यंत आले नव्हते. त्या पावसाळ्यात आम्ही बाकीचे सगळे काम थांबवून त्या दीड गुंठ्यात चार वेळा निंदणी केली आणि तिथे झाडे लावली. पडलेल्या जांभळाचे खोड तिथेच आडवे ठेवले, त्यामुळे उतारावरून माती वाहून जाणे थांबले.

लावण्यासाठी रोपे विकत आणावी लागली नाहीत. रतांब्याचे आणि जांभळाचे बी साठवून ठेवले तर मरते, म्हणून मे-जूनमध्ये फळे खाल्ली की त्याच आठवड्यात बी पिशव्यांत टोचायचे. बकुळीची रोपे बुंध्याखालीच मिळू लागली होती, कारण घाणेरी गेल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात ती तिथे आपोआप उगवली होती. तशाच आपोआप आल्या रानहळद, शेवळे, गुळवेल आणि आंजनीची कितीतरी रोपे. शेवळे दिसली त्या सकाळी सासूबाईंना, ज्यांचे वय तेव्हा ८७ होते, यजमानांनी हात धरून राईत नेले. त्यांनी स्वतः चार कोंब काढले आणि काकडं (काकड या रानझाडाची आंबट फळे) घालून भाजी कशी करायची ते मला सांगितले, कारण इतकी वर्षे मुंबईत राहून मी ती विसरले होते.

गडग्यावरच्या गिरीपुष्पाविषयी घरात एकमत होत नव्हते. हेही झाड बाहेरचेच, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, आणि त्याच्या शेंगा तडकून बी लांब उडते. पण सासऱ्यांनी ते हिरवळीच्या खतासाठी स्वतः लावले होते, आणि त्याचा पाला आजही आम्ही भाताच्या खाचरांत घालतो. शेवटी ते कुंपणापुरते ठेवायचे आणि वर्षातून दोनदा छाटायचे असे ठरले. वारंवार छाटलेल्या गिरीपुष्पाला फुलेच धरत नाहीत, त्यामुळे शेंगांचा प्रश्न उरत नाही. राईच्या आत आलेली त्याची रोपे मात्र आम्ही काढतो.

२०१९ मध्ये ४२ मनुष्यदिवस लागले होते, २०२३ मध्ये मोकळ्या झालेल्या २६ गुंठ्यांची राखण ९ दिवसांत झाली. घाणेरीची नवी रोपे अजून दिसतात, कारण मातीतले बी काही वर्षे जिवंत राहते आणि बुलबुल नवे आणतातच, पण ती आता बोटभर उंचीची असतानाच चालता चालता उपटता येतात. राहिले आहेत ते व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचे चार गुंठे. तिथला काठ ठिसूळ आहे आणि घाणेरीच्या मुळांनीच तो सध्या धरून ठेवला आहे, म्हणून आधी तिथे करंज आणि निर्गुडी रुजू द्यायची असे आबांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

रानमोडीचे बी मात्र वरच्या गडग्यापलीकडून येत राहणार होते. ती जमीन ज्यांची आहे ते मुंबईला असतात आणि वर्षातून एकदा शिमग्याला येतात. गेल्या शिमग्यात मी त्यांच्याकडे गेले आणि गडग्यालगतचा दहा फुटांचा पट्टा आमच्या खर्चाने साफ करू देण्याची विनंती केली. त्यांच्या आईंनी, ज्या तोपर्यंत गप्प बसून ऐकत होत्या, एकच अट घातली, की कडेच्या करवंदाच्या जाळ्यांना कोणी हात लावायचा नाही, त्या त्यांच्या सासूने राखलेल्या आहेत. परवा पहिली उघडीप मिळाली तेव्हा आबा आणि मी चिंध्या घेऊन पलीकडे गेलो. एकूण अकरा जाळ्या निघाल्या, आणि प्रत्येकीला आम्ही दोन्ही बाजूंनी चिंधी बांधली.